अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्स खेळणाऱ्या मुलासाठी कॉलेज निवडताना आधी मैदानावरचा वेळ बघा

टेक्सासमधल्या एका मराठी कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सला, म्हणजे बचावाला, सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) खेळतो, गरज पडली तर त्याच्या पुढच्या फळीत लाइनबॅकरच्या जागीही उभा राहतो. उंची ६ फूट १ इंच, वजन १९५ पाउंड. एका नावाजलेल्या युनिव्हर्सिटीने ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, टीममध्ये यायला सांगितलं आहे. डिव्हिजन टूच्या, म्हणजे कॉलेज खेळाच्या दुसऱ्या पातळीवरच्या, एका लहान कॉलेजने अर्धी स्कॉलरशिप देऊ केली आहे आणि दुसऱ्या वर्षापासून खेळवू असंही म्हटलं आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर एनएफएल ही व्यावसायिक लीग आहे. डिफेन्सच्या खेळाडूचा कॉलेजपासून व्यावसायिक फुटबॉलपर्यंतचा रस्ता कसा असतो आणि या दोनपैकी कुठून जावं, हे आईवडिलांना समजून घ्यायचं आहे.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात लाइनबॅकर आणि सेफ्टींना शिकवतो. एनएफएलच्या टीमांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आमच्याकडे येतात, मागच्या खोलीत बसून सामन्यांची फिल्म बघतात, मोजके प्रश्न विचारतात आणि पुढच्या गावाला निघतात. ते काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, यावरून माझं मत बनलं आहे. ते आधीच सांगतो: या दोन पर्यायांत लहान कॉलेज घ्या. नाव बघू नका, मुलगा तिथे किती खेळेल ते बघा. क्वार्टरबॅकच्या (ऑफेन्स चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूच्या) वडिलांना हाच सल्ला मी इतक्या ठामपणे दिला नसता. डिफेन्सचं गणित वेगळं आहे.

ऑफेन्सच्या, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या, अकराही जणांना डाव माहीत असतो. चेंडू कोणत्या हाकेवर निघणार, कोण कुठे धावणार, कोणी कोणाला अडवायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं. डिफेन्सच्या खेळाडूला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला समोर बघून ओळखायचं असतं, आणि तेही पहिल्या दोन पावलांत. सेफ्टीने सुरुवातीला चेंडूकडे बघायचंच नसतं. समोरच्या लाइनमधल्या टॅकलचं (कडेच्या खेळाडूचं) हेल्मेट बघायचं: स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावर, ते वर उठलं तर पास, खाली राहून पुढे आलं तर धाव. आम्ही याला हाय हॅट, लो हॅट म्हणतो. हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. पण समोरच्या कोचलाही हे ठाऊक असतं, म्हणून तो आपल्या लाइनला मुद्दाम हेल्मेट खाली ठेवायला लावतो, धावेचं सोंग आणतो, आणि सेफ्टी दोन पावलं पुढे आला की चेंडू त्याच्या डोक्यावरून फेकतो. आता तर एकाच डावात धाव आणि पास दोन्ही ठेवलेले असतात. क्वार्टरबॅक एखाद्या लाइनबॅकरच्या हालचालीकडे बघत राहतो आणि तो जिकडे झुकेल त्याच्या उलट खेळतो.

यातलं खरं कुठलं आणि फसवं कुठलं, हे आम्ही फळ्यावर काढून दाखवतो, फिल्मवर थांबवून दाखवतो, सरावात घोटून घेतो. तरी ती ओळख अंगात मुरते ती सामन्यात. डिव्हिजन टूमध्ये मोसमाला जास्तीत जास्त ११ साखळी सामने असतात. सुरुवातीपासून खेळणारा सेफ्टी एका सामन्यात साठ-सत्तर स्नॅप खेळतो. म्हणजे वर्षाला सातशेच्या आसपास. तीन वर्षं खेळला तर दोन हजारांहून जास्त वेळा त्याने समोरचा डाव ओळखण्याचा प्रयत्न केलेला असतो, अनेकदा फसलेला असतो, आणि दर सोमवारी त्या चुका कोचसोबत बसून पाहिलेल्या असतात.

मोठ्या युनिव्हर्सिटीतला वॉक-ऑन सेफ्टी त्या वेळात काय करत असतो? बहुतेक वेळा तो स्काउट टीममध्ये असतो. स्काउट टीमचं काम म्हणजे येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांची नक्कल करून आपल्या पहिल्या फळीला सराव देणं. पालकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की या सरावात डिफेन्सच्या मुलांना प्रत्येक डावाआधी एक कार्ड दाखवलं जातं. तू इथे उभा राहा, स्नॅप झाल्यावर तिथे जा, असं त्यावर काढलेलं असतं. मुलगा कार्डाप्रमाणे धावतो. त्याला ओळखायचं काहीच नसतं. उलट त्याने स्वतःच्या डोक्याने वेगळं काही केलं तर कोच ओरडतात, कारण ऑफेन्सचा सराव बिघडतो. अशा कामात शरीर घडतं, वेग वाढतो, चांगल्या खेळाडूंशी रोज टक्कर होते. त्याची किंमत मी कमी समजत नाही. पण सेफ्टीला जे शिकायचं असतं तेच नेमकं तिथे शिकायला मिळत नाही.

त्यात २०२५ पासून आणखी एक बदल झाला आहे. कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केली. युनिव्हर्सिटी आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते आणि त्याबदल्यात या व्यवस्थेत सामील झालेल्या युनिव्हर्सिटींच्या फुटबॉल टीमवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे. पूर्वी ८५ स्कॉलरशिपवाले आणि त्यांच्या मागे वॉक-ऑनची मोठी रांग असायची. ती रांग आता आखूड झाली. कोच दरवर्षी ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) इतर कॉलेजांतले अनुभवी सेफ्टी आणतात, आणि जागा करायची झाली की आधी कोणाकडे बोट जाईल हे सांगायला नको. ‘वॉक-ऑन म्हणून ये’ हे वाक्य पाच वर्षांपूर्वी जितकं वजनदार होतं तितकं आज उरलेलं नाही.

यावर तुम्ही वॉक-ऑन म्हणून वर आलेल्या जे. जे. वॉटचं नाव घ्याल, आणि ते घ्यायलाच हवं. वॉट २००७ मध्ये सेंट्रल मिशिगनला स्कॉलरशिपवर टाइट एंड, म्हणजे ऑफेन्सचा खेळाडू, होता. ती सोडून तो विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला, मधल्या काळात पिझ्झा पोचवण्याचं काम केलं, २००८ चा मोसम ट्रान्सफरच्या नियमामुळे बाहेर बसला, डिफेन्सिव्ह एंड (डिफेन्सच्या लाइनमधला कडेचा खेळाडू) झाला, आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीमा क्रमाने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं. पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे डिफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू समोरच्या माणसाला हरवतो. ताकद, हाताची लांबी आणि पहिलं पाऊल यांवर त्याचं बरंच काही ठरतं, आणि हे सगळं स्काउट टीममध्येही दिसतं. सहा फूट पाच इंचांचा मुलगा रोज पहिल्या फळीच्या लाइनला मागे ढकलत असेल तर कोचला ते दिसतंच. सेफ्टी कार्ड बघून पळत असेल तर त्याचं काय दिसणार? दुसरं म्हणजे वॉटने दोन वर्षं, २००९ आणि २०१०, भरपूर खेळून दाखवलं. त्याला ड्राफ्टपर्यंत नेलं ते त्या दोन मोसमांच्या फिल्मने.

तुमच्या मुलासाठी मी काइल डगरकडे बघेन. तोही सेफ्टी, उंचीही ६ फूट १ इंच. जॉर्जियातल्या शाळेतून निघताना मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या लेनॉयर-राइन या डिव्हिजन टू कॉलेजात तो गेला. तिथे दुखापतीमुळे वर्ष वाया गेलं, पण तो खेळत राहिला, पंट (समोरच्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवतानाही चमकत राहिला, अंगात भरला. २०१९ मध्ये त्याला लहान कॉलेजांतल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूचं क्लिफ हॅरिस पारितोषिक मिळालं. जानेवारी २०२० मध्ये अलाबामातल्या मोबील इथे सीनियर बोल या निमंत्रितांच्या सामन्याच्या सरावात तो मोठ्या युनिव्हर्सिटींच्या मुलांसमोर उभा राहिला आणि कुठेही कमी दिसला नाही. कॉम्बाइन या एनएफएलच्या चाचणी शिबिरात २१७ पाउंड वजनाने ४० यार्ड ४.४९ सेकंदांत पळाला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला दुसऱ्या फेरीत, ३७ व्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षीची ती त्यांची पहिलीच निवड होती. ज्याच्या नावाने ते पारितोषिक आहे तो क्लिफ हॅरिस स्वतः आर्कान्साच्या एका लहान कॉलेजातून आलेला सेफ्टी. १९७० मध्ये त्याला कोणीही ड्राफ्ट केलं नव्हतं. डॅलस काउबॉइजसाठी तो दशकभर खेळला आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

लहान कॉलेजात स्काउट येतात का, ही प्रत्येक पालकाची भीती असते. येतात. नॅशनल आणि ब्लेस्टो या दोन संस्था एनएफएलच्या बहुतेक टीमांसाठी देशभरातल्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंची प्राथमिक यादी करतात, त्यात लहान कॉलेजंही असतात. सगळ्या सामन्यांची फिल्म टीमांना उपलब्ध असते. मात्र इथे एक कठोर अट आहे. मोठ्या कॉलेजातला सेफ्टी बरा खेळला तरी त्याची चर्चा होते. डिव्हिजन टूमधल्या मुलाने त्या पातळीवर उठून दिसावंच लागतं. दर सामन्यात, दर तिसऱ्या-चौथ्या डावात फिल्म बघणाऱ्याची नजर आपोआप त्याच्याकडे गेली पाहिजे. तसं होत नसेल तर कॉलेज कुठलंही असो, पुढचं दार उघडत नाही. आणि तसं होत असेल तर दोन वर्षांनी वरच्या पातळीवर जाण्याचा मार्गही आता मोकळा आहे: एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला ट्रान्सफर करताना वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. तेव्हा युनिव्हर्सिटी त्याला वॉक-ऑन म्हणून नव्हे, स्कॉलरशिप देऊन बोलावेल.

आता खेळातला फरक सांगतो, कारण कॉलेजात चमकलेली मुलं वर गेल्यावर का अडखळतात ते त्यातून कळतं. मैदान तेच, ५३ यार्ड आणि एक फूट रुंद, म्हणजे १६० फूट. पण चेंडू जिथे ठेवतात त्या हॅश खुणा वेगळ्या असतात. शाळेत त्या मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे दोन खुणांत ५३ फूट ४ इंचांचं अंतर. कॉलेजात ४० फूट. एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. शाळेत चेंडू एका खुणेवर असताना सेफ्टीच्या एका बाजूला जेमतेम ५३ फूट आणि दुसऱ्या बाजूला १०७ फूट मोकळं असतं. कॉलेजात ६० आणि १००. एनएफएलमध्ये साधारण ७१ आणि ८९, म्हणजे चेंडू जवळजवळ मध्यावरच. शाळा-कॉलेजात अरुंद बाजूला सीमारेषा हा जास्तीचा बचावपटू असतो; तिकडे कमी माणसं ठेवून भागतं, आणि समोरची टीम कुठे जाणार याचा अंदाजही येतो. व्यावसायिक खेळात हा आधार जातो. दोन्ही बाजू सारख्याच धोक्याच्या होतात आणि सेफ्टीला मधोमध उभं राहून दोन्हीकडे पोचावं लागतं. एकाच बाजूला खेळून मोठी झालेली मुलं इथे चाचपडतात.

नियमही बदलतात. एनएफएलमध्ये रिसीव्हरला (पास घेणाऱ्याला) पाच यार्डांपर्यंतच हात लावता येतो, त्यापुढे धक्का दिला की पाच यार्डांचा दंड आणि समोरच्याला नवा पहिला डाउन, म्हणजे दहा यार्डांसाठी पुन्हा चार प्रयत्न. कॉलेजात ही मर्यादा इतकी आवळलेली नाही, त्यामुळे तिथे हाताने अडवून वेळ काढायची सवय लागते. पास अडवताना चूक झाली तर कॉलेजात दंड जास्तीत जास्त १५ यार्डांचा. एनएफएलमध्ये जिथे चूक झाली तिथे चेंडू. चाळीस यार्ड लांबच्या पासवर रिसीव्हरचा शर्ट ओढला तर चाळीस यार्ड गेले. कॉलेजात धावणाऱ्याचा गुडघा टेकला की डाव संपला. वर तसं नाही: पडलेल्या माणसाला कोणीतरी हात लावेपर्यंत तो उठून पळू शकतो. इतकी साधी गोष्ट, पण नवी मुलं पडलेल्या खेळाडूजवळ नुसती उभी राहतात आणि तो उठून आणखी सात यार्ड काढतो.

फ्रेड वॉर्नरचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत तो बाहेरच्या बाजूचा, मोकळ्या जागेत रिसीव्हरमागे धावणारा लाइनबॅकर होता. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला तिसऱ्या फेरीत, ७० व्या क्रमांकावर घेतलं आणि थेट मधल्या लाइनबॅकरची जागा दिली. तिथे सगळ्या डिफेन्सला उभं करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. एनएफएलमध्ये डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, २००८ पासून. कोचचा आवाज त्याला ऐकू येतो, आणि डाव सुरू व्हायला १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर समोरच्यांनी रचना बदलली तर बाकीच्या दहा जणांना हलवायचं काम त्या एका माणसाचं. वॉर्नर पहिल्या मोसमात सर्व सामने खेळला आणि आज त्याची गणना आपल्या पिढीतल्या सर्वोत्तम लाइनबॅकरमध्ये होते. कॉलेजात मोकळ्या जागेत हजारो पावलं टाकल्यामुळेच तो मधूनही सीमारेषेपर्यंत पोचतो. तुमचा मुलगा अधूनमधून लाइनबॅकर खेळतो, तर खेळू द्या. आज एनएफएलच्या टीमा बहुतेक वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतले बचावपटू) घेऊन खेळतात. सेफ्टी आणि लाइनबॅकर यांच्यामधल्या माणसाला मागणी आहे.

टॅकल करण्याबद्दल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडण्याबद्दल, एवढंच की धावणाऱ्याच्या कंबरेकडे बघायला शिकवा. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू चढाईवाल्याच्या हातांना भुलत नाही, तसंच इथे खांदे आणि डोकं फसवतात, कंबर फसवत नाही. डोकं बाजूला, खांदा आत, आणि आपलं हेल्मेट कधीही पुढे नाही.

ड्राफ्टच्या वर्षाकडे येतो. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणी ड्राफ्टला पात्र होत नाही. दरवर्षी कॉलेजचे साधारण १६ हजार खेळाडू पात्र असतात आणि सात फेऱ्यांत मिळून निवडले जातात २६० च्या आसपास. जानेवारीच्या अखेरीस सीनियर बोल आणि ईस्ट-वेस्ट श्राइन बोल हे निमंत्रितांचे सामने होतात. सामन्यापेक्षा त्याआधीच्या आठवड्यातला सराव महत्त्वाचा. लहान कॉलेजच्या मुलाला मोठ्यांसमोर तोलण्याची स्काउटना मिळणारी ती सर्वांत चांगली संधी असते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला कॉम्बाइन. सव्वातीनशेच्या आसपास खेळाडूंना बोलावणं येतं. टीव्हीवर ४० यार्डांची धाव आणि २२५ पाउंडांची बेंच प्रेस दाखवतात. टीमांना त्याहून जास्त हवी असते ती वैद्यकीय तपासणी: जुना गुडघा, खांदा, मान, सगळं त्यांचे डॉक्टर स्वतः हाताने बघतात. आणि बंद खोलीतली मुलाखत, जिथे कोच मुलाचीच फिल्म लावतो, त्याने खाल्लेला मार दाखवतो आणि विचारतो, इथे काय झालं? जो मुलगा शांतपणे ‘मी टॅकलचं हेल्मेट वाचलंच नाही, मी चेंडूकडे पाहत होतो’ असं सांगतो त्याची नोंद चांगली होते. जो शेजारच्या कॉर्नरबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) बोट दाखवतो त्याची नाही. कॉम्बाइनचं बोलावणं नाही आलं तर मार्चमध्ये कॉलेजचा प्रो डे, म्हणजे कॉलेजातच स्काउटसमोर होणारी चाचणी, असतो; लहान कॉलेजची मुलं जवळच्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या प्रो डेला परवानगी घेऊन जातात.

मोजमापं बघून टीमाही चुकतात. एरन डोनाल्ड पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीचा डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सच्या लाइनमधला मधला खेळाडू), २०१३ मध्ये कॉलेज फुटबॉलची चार मोठी पारितोषिकं त्याच्याकडे. पण उंची कशीबशी सहा फूट एक इंच, टॅकलसाठी कमी, म्हणून २०१४ च्या ड्राफ्टमध्ये बारा निवडी होऊन गेल्या तेव्हा रॅम्सनी त्याला घेतलं. तीनदा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू आणि १११ सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) करून तो २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्याची फिल्म सगळ्यांच्या समोर होती.

ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर? डिफेन्सच्या मुलांसाठी माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. मॅल्कम बटलर मिसिसिपीचा. ज्युनियर कॉलेजातून त्याला काढून टाकलं होतं, तो फ्राइड चिकनच्या दुकानात काम करत होता. मग पुन्हा वर्गात गेला आणि तिथून वेस्ट अलाबामा या डिव्हिजन टू कॉलेजात कॉर्नरबॅक झाला. २०१४ मध्ये कोणी ड्राफ्ट केलं नाही. पेट्रियट्सने नव्या मुलांच्या शिबिरात नुसतं आजमावायला बोलावलं, करारही नव्हता. त्याने तिथे तो मिळवला. मोसमभर तो डिफेन्समध्ये कमीच दिसला. १ फेब्रुवारी २०१५ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सिएटल गोलरेषेपासून एका यार्डावर, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ शिल्लक, पेट्रियट्स चार गुणांनी पुढे. सिएटलचे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले. हाच डाव त्या आठवड्याच्या सरावात बटलरवर चालला होता आणि कोचने त्याला बजावलं होतं. स्नॅप होताच तो सरळ त्या जागेकडे धावला, रिसीव्हरच्या आधी पोचला आणि चेंडू घेतला. त्याआधी एनएफएलमध्ये त्याने समोरच्याचा एकही पास पकडला नव्हता. लोक याला नशीब म्हणतात. मला त्यात एका मुलाने रचना ओळखलेली दिसते.

न निवडलेल्या मुलासाठी क्रम असा: एप्रिलअखेर ड्राफ्ट संपताच फोन, मे महिन्यात नव्यांचं शिबिर, जुलैच्या शेवटी ९० जणांचा कॅम्प, तीन सराव सामने, आणि ऑगस्टअखेर ९० चे ५३. त्या ५३ मध्ये डिफेन्सचे पंचवीसएक. त्याशिवाय प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव गटात, १६ जागा. पाचवा सेफ्टी निवडताना कोच डिफेन्सकडे बघतच नाही, स्पेशल टीम्सकडे बघतो: किकऑफ आणि पंटच्या वेळी कोण पहिला खाली पोचतो, कोण पकडतो. म्हणून कॉलेजात पहिल्या वर्षी ‘फक्त पंटला खेळवतात’ म्हणून मुलगा नाराज झाला तर त्याला समजवा. त्याची पहिली नोकरी कदाचित तीच असेल. केंट स्टेटचा जेम्स हॅरिसन २००२ मध्ये असाच न निवडलेला होता. पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला पुन्हा पुन्हा काढलं, तो युरोपातल्या लीगमध्येही खेळून आला, आणि २००८ मध्ये लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. न निवडलेल्या माणसाला हा मान त्याआधी मिळाला नव्हता.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २०२५ मध्ये नव्या खेळाडूचं किमान वर्षाचं वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं, प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला १३ हजार. आकडे मोठे वाटतात, पण न निवडलेल्याच्या करारात हमी जवळजवळ नसते. मंगळवारी काढलं की पुढच्या आठवड्याचे पैसे नाहीत. पेन्शनसाठी तीन मान्य मोसम लागतात आणि बरेच जण तिथवर पोचत नाहीत. म्हणून पदवी पूर्ण करणं हा या रस्त्याचाच भाग धरा.

आणि डोकं. याबद्दल मी प्रत्येक घरी बोलतो. सेफ्टी आणि लाइनबॅकर धावत येऊन आदळतात, आणि मेंदूला बसणारे लहान लहान हादरे वर्षानुवर्षं साठतात. बोस्टन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांशी जोडलेला मेंदूचा आजार आढळला. ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, अनेकदा लक्षणं दिसल्यामुळेच, म्हणून प्रत्येक खेळाडूला हे होतं असा त्याचा अर्थ नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. विस्कॉन्सिनचा लाइनबॅकर क्रिस बोरलँड २०१४ चा पहिला मोसम उत्तम खेळला आणि मार्च २०१५ मध्ये, २४ व्या वर्षी, डोक्याच्या इजेची भीती सांगून निवृत्त झाला. मला त्याच्या निर्णयाचा आदर आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा कोचइतकाच वेळ ॲथलेटिक ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्याला, द्या. डोक्याला मार लागल्यावर मुलाला परत मैदानात पाठवायचा निर्णय कोणाचा, हे विचारा. तो निर्णय कोचच्या हातात आहे असं जाणवलं तर स्कॉलरशिप कितीही असो, ते कॉलेज सोडा.

‘आपल्याकडचं कोणी कधी खेळलंय का’ हेही तुम्ही विचारलं आहे. वडिलांकडून भारतीय असलेला ब्रँडन चिलार लाइनबॅकर होता. यूसीएलएमधून २००४ च्या चौथ्या फेरीत तो सेंट लुइस रॅम्सकडे गेला, पुढे ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. मराठी घरातलं नाव मला सांगता येणार नाही, आणि तुमच्या मुलाला त्याची गरज आहे असं वाटतही नाही.

लहान कॉलेजला जाण्याआधी तिथल्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (डिफेन्सच्या मुख्य कोचला) तीन गोष्टी विचारा. पुढच्या वर्षी कोणते सेफ्टी परत येणार आहेत आणि ते कितव्या वर्षाचे? पहिल्या वर्षी माझा मुलगा कोणत्या स्पेशल टीम्सवर असेल? आणि गेल्या दोन मोसमांत कोणत्या एनएफएल टीमांचे स्काउट इथे येऊन बसले? उत्तरं नावांसकट आली तर बरं. ‘बघू, मेहनतीवर आहे’ असं आलं तर दुसरं लहान कॉलेज शोधायला अजून वर्ष हातात आहे. तो कोऑर्डिनेटर स्वतः किती वर्षं तिथे आहे हेही बघा. दर वर्षी माणूस बदलला की मुलाला दर वर्षी नवी भाषा शिकावी लागते.

मुलाची फिल्म मला जरूर पाठवा. निवडक चमकदार डावांची नको. दोन अख्खे सामने पाठवा, त्यातला एक हरलेला, आणि कॅमेऱ्यात बावीसही जण दिसतील असा. मी त्याची पहिली दोन पावलं बघेन आणि वेळ लिहून कळवेन.